गाऊट झाल्यावर काय खावे: नव्याने निदान झालेल्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

रात्री नीट झोपलेला माणूस पहाटे अडीच-तीनच्या सुमारास पायाच्या अंगठ्यातल्या ठणक्याने जागा होतो, अंगठ्याचे मूळ लालबुंद होऊन सुजलेले असते आणि अंगावरच्या चादरीचा स्पर्शही त्याला सोसवत नाही. गाऊटचा पहिला झटका बहुधा असाच येतो. माझ्या वडिलांना तो रत्नागिरीच्या घरी, ऐन आषाढात आला. निदान झाल्यावर आठवडाभरात नातेवाईक, शेजारी आणि ओळखीपाळखीचे यांनी सांगितलेल्या वर्ज्य पदार्थांची एक यादी आईने फ्रिजच्या दारावर चिकटवली. तुरीचे वरण, सगळ्या उसळी, पालक, टोमॅटो, फ्लॉवर, दही, ताक, चिंच आणि लिंबू एवढे सगळे त्या यादीत होते. सुकट मात्र त्यात नव्हती, आणि बाबा दिवसातून दोनदा घेत असत ते गोड कोकम सरबतही नव्हते. बाबांनी चार महिने ती यादी प्रामाणिकपणे पाळली, ते अशक्त झाले, आणि त्या चार महिन्यांतच त्यांना आणखी दोन झटके आले.

आपल्याकडे गाऊटच्या पथ्यात बहुतेक घरी हीच गफलत होते. निरुपद्रवी पदार्थ ताटातून जातात आणि खरे त्रासदायक पदार्थ तसेच राहतात. म्हणून ज्यांच्या घरात हे निदान नुकतेच झाले आहे त्यांच्यासाठी, कोणत्या क्रमाने काय करावे हे पुढे सविस्तर लिहिले आहे.

पहिली पायरी: निदान पक्के करून घ्या

आपल्याकडे सांधा दुखला की त्याला सरसकट संधिवात किंवा नुसता वात म्हणण्याची पद्धत आहे, पण गाऊट हा स्वतंत्र आजार आहे आणि त्याचे उपचारही वेगळे आहेत. रक्तातील युरिक ॲसिडचे प्रमाण वाढून त्याचे सुईसारखे अणकुचीदार स्फटिक सांध्यात साचतात आणि शरीराची संरक्षक यंत्रणा त्या स्फटिकांवर तुटून पडते, त्यामुळे सांध्याला ही भयंकर सूज येते. शरीराच्या तापमानाला रक्तात साधारणपणे प्रति डेसिलीटर ६.८ मिलिग्रॅमपर्यंतच युरिक ॲसिड विरघळलेले राहू शकते, त्यापुढे स्फटिक बनण्याची शक्यता निर्माण होते. पायाचा अंगठा हृदयापासून लांब आणि शरीराच्या मानाने थंड असतो, म्हणून स्फटिकांना तो विशेष सोयीचा पडतो.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. रक्ततपासणीत युरिक ॲसिड वाढलेले दिसले, पण सांधा कधीच सुजलेला नाही, तर त्याला गाऊट म्हणत नाहीत. अशा पुष्कळ लोकांना आयुष्यात कधीही झटका येत नाही आणि त्यांना सहसा गोळ्यांची गरजही नसते. याच्या उलट, झटका चालू असताना केलेल्या तपासणीत युरिक ॲसिड सामान्य येऊ शकते. बाबांच्या पहिल्या रिपोर्टमध्ये ते ६.४ आले होते आणि त्यावरून ‘हा गाऊट नव्हे’ असे आम्हाला सांगण्यात आले होते. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासल्यावर ते ८.९ निघाले. त्यामुळे सूज उतरल्यावर दोन ते चार आठवड्यांनी तपासणी पुन्हा करून घ्यावी. शंका असेल तर डॉक्टर सांध्यातील पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक दिसतात का ते पाहतात, आणि ती सर्वांत खात्रीची तपासणी आहे. सुजलेल्या सांध्याबरोबर ताप आणि थंडी असेल, तर सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. अशा वेळी घरी थांबून न राहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

दुसरी पायरी: आहाराने किती साधते ते आधी समजून घ्या

युरिक ॲसिड तयार होते ते प्युरिन नावाच्या घटकांपासून. प्युरिन हा पेशींच्या केंद्रातील द्रव्याचा भाग असल्यामुळे तो आपल्या शरीरातही असतो आणि मांस-मासळीपासून डाळीपर्यंत बहुतेक अन्नातही असतो. मात्र युरिक ॲसिडच्या एकूण निर्मितीपैकी सुमारे दोन-तृतीयांश भाग शरीराच्या स्वतःच्या पेशींच्या मोडतोडीतून येतो, आणि अन्नातून येणारा भाग साधारण एक-तृतीयांश असतो. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात युरिक ॲसिड मोडून टाकणारे विकर असते, पण माणसात ते कार्यरत नाही, म्हणून आपल्याला मूत्रपिंडांवर आणि काही प्रमाणात आतड्यांवर अवलंबून राहावे लागते. गाऊटच्या बहुसंख्य रुग्णांमध्ये खरी अडचण युरिक ॲसिड पुरेसे बाहेर न पडण्याची असते, आणि त्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो.

हे एवढे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, ‘खाण्यावर ताबा नव्हता म्हणून हे दुखणे ओढवले’ अशी बोलणी रुग्णाला घरात आणि बाहेर ऐकावी लागतात. आयुर्वेदात वातरक्ताला, म्हणजे गाऊटशी मिळत्याजुळत्या आजाराला, ‘आढ्यवात’ असेही नाव आहे, म्हणजे श्रीमंतांचा आजार, आणि त्या समजुतीचा डाग आजही रुग्णाच्या माथी बसतो. हा अन्याय आहे असे मला मनापासून वाटते. काटेकोर पथ्यानेसुद्धा युरिक ॲसिड साधारण १ मिलिग्रॅमनेच कमी होते. ज्याचे ९ आहे त्याला नुसत्या पथ्याने ६ च्या खाली येणे बहुधा शक्य होत नाही, आणि त्यात त्या माणसाचा दोष नसतो. आहाराचे काम आहे ते झटके उठवणारी कारणे टाळणे, वजन, रक्तदाब आणि मधुमेह आवरणे आणि औषधाला हातभार लावणे.

तिसरी पायरी: दुखणे चढलेले असतानाचे दिवस

झटक्याच्या दिवसांत पथ्याचे मोठे बेत आखू नयेत. डॉक्टरांनी दिलेले सूज उतरवणारे औषध जितक्या लवकर, शक्यतो पहिल्या चोवीस तासांत सुरू होईल तितके चांगले. पाय उशीवर उंच ठेवावा आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे सांध्यावर धरावा. आपल्याकडे सांधा दुखला की गरम तेलाने चोळण्याची सवय आहे, पण सुजलेल्या अंगठ्याला चोळणे आणि शेकणे दोन्ही टाळावे. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळ्या आणून घेऊ नयेत, कारण गाऊटच्या अनेक रुग्णांची मूत्रपिंडे आधीच थोडी अशक्त असतात आणि या गोळ्या त्यांना आणखी इजा करू शकतात.

खाण्याच्या बाबतीत मऊ भात, मुगाचे वरण, दुधी किंवा पडवळाची भाजी, ताक, अंडे असे साधे अन्न पुरेसे आहे. वेदनेमुळे भूक मंदावते आणि बाथरूमपर्यंत जाणे नको म्हणून माणूस पाणीही कमी पितो. घरच्यांनी नेमके हेच होऊ देऊ नये. बाबांच्या पलंगाजवळ आम्ही लिटरभराची बाटली ठेवत असू आणि ती दुपारपर्यंत एकदा, रात्रीपर्यंत दुसऱ्यांदा संपली का हे पाहत असू.

चौथी पायरी: दोन आठवडे नोंद ठेवा

झटका ओसरल्यावर लगेच काही बंद करण्याऐवजी दोन आठवडे एका वहीत रोजचे खाणे-पिणे लिहून काढावे. वहीत चहात घातलेली साखर, येता-जाता घेतलेले सरबत, प्यायलेले पाणी, उपवास, प्रवास आणि मद्य यांची नोंद ताटातल्या पदार्थांइतकीच प्रामाणिकपणे करावी. आमच्या वहीतून जे उघड झाले ते आम्हाला आधी सांगूनही पटले नसते. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारी बंद असल्यामुळे कोकणातल्या घरांत सुक्या मासळीवर भर असतो, आणि बाबांच्या जेवणात आठवड्यातून चार-पाच दिवस सुकट किंवा सुके बोंबील होते. जोडीला दिवसातून दोनदा अमृत कोकमाचे सरबत, आणि पाणी जेमतेम पाच पेले. आषाढातच झटका का आला याचे उत्तर मला त्या वहीत दिसले.

पाचवी पायरी: पिण्यापासून सुरुवात करा

माझ्या मते नवख्या रुग्णाने ताटाला हात लावण्याआधी पेल्यात काय आहे ते बदलावे, कारण तेथे थोड्या कष्टात जास्त फरक पडतो.

पाणी दिवसाला दोन ते अडीच लिटर असावे आणि विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याहून अधिक. लघवीचा रंग फिकट राहिला की प्रमाण योग्य आहे असे समजावे. गाऊटच्या रुग्णांना मुतखडा होण्याचा धोकाही जास्त असल्यामुळे पाण्याचा फायदा दुहेरी आहे. ज्यांना हृदयविकारामुळे किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांनी सांगितलेलेच प्रमाण पाळावे.

त्यानंतर साखरेची पेये. साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोजचा असतो, आणि यकृतात फ्रुक्टोजचे विघटन होताना पेशींमधील ऊर्जासाठा झपाट्याने खर्ची पडून त्यातून थेट युरिक ॲसिड तयार होते. म्हणजे ज्यात प्युरिनचा अंशही नाही असे पेय युरिक ॲसिड वाढवते, आणि वर्ज्य पदार्थांच्या घरगुती याद्यांत हे सहसा नसते. ३०० मिलिलीटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर असते. उसाचा रस, डब्यातले फळांचे रस, बाटलीतली तयार सरबते आणि गोड लस्सी ही त्याच रांगेतली. साखरेऐवजी गूळ किंवा मध वापरल्याने या बाबतीत काही साधत नाही, कारण गूळही मुख्यतः तीच साखर आहे आणि मधात तर फ्रुक्टोज भरपूर असते. अख्खे फळ खाण्यास हरकत नाही. दिवसाला एखादे फळ चावून खाल्ल्याने त्यातील चोथ्यामुळे साखर सावकाश शोषली जाते, आणि पेरू, आवळा, संत्रे, मोसंबी यांतील क जीवनसत्त्व उपयोगीच आहे. आंब्याच्या दिवसांत एक आंबा कापून खाणे वेगळे आणि साखर घातलेल्या आमरसाच्या तीन वाट्या पुरीबरोबर संपवणे वेगळे, एवढा विवेक ठेवला तरी पुरे. कोकम सोडावे लागत नाही हे बाबांना कळले तेव्हा त्यांना फार बरे वाटले. अमृत कोकमाऐवजी बिनसाखरेचे आगळ (कोकमाचा रस), पाणी, जिरेपूड आणि रक्तदाब लक्षात घेऊन चिमूटभरच मीठ, असे सरबत ते आता घेतात. सोलकढीही चालते.

मद्याबाबत स्पष्ट लिहिणे भाग आहे. मद्यामुळे युरिक ॲसिडची निर्मिती वाढते आणि मूत्रपिंडातून त्याचा निचरा कमी होतो. बिअरमध्ये त्याशिवाय प्युरिनही असते, म्हणून गाऊटसाठी बिअर सर्वांत वाईट. व्हिस्की, रम, देशी किंवा फेणी घेतल्याने सुटका होते असे नाही, आणि आधीच गाऊट असलेल्याला वाइननेही झटका येऊ शकतो. निदानानंतरचे पहिले सहा महिने मद्य पूर्ण बंद ठेवावे असे मी सुचवेन, कारण तेवढ्या काळात औषधाचा डोस बसवायचा असतो आणि झटक्याचे कारण नेमके ओळखता यायला हवे असते.

चहा बिनसाखरेचा किंवा कमी साखरेचा असेल तर त्याने काही बिघडत नाही. कॉफी पिणाऱ्यांमध्ये गाऊटचे प्रमाण कमी आढळले आहे, पण तेवढ्यासाठी कॉफीची सवय लावून घेण्याची गरज नाही. साय काढलेले दूध आणि त्याचे ताक मात्र आवर्जून घ्यावे. दुधातील प्रथिनांमुळे युरिक ॲसिड मूत्रावाटे बाहेर पडण्यास मदत होते आणि दुधात प्युरिन जवळजवळ नसतेच.

सहावी पायरी: मांस आणि मासळी यांत निवड करा

ज्यांच्या घरी सामिष जेवण होते त्यांनी सगळे एकदम सोडावे असे नाही, पण काही पदार्थांना निरोप देणेच योग्य आहे. कलेजी, गुर्दा, भेजा आणि एकूणच प्राण्यांच्या आतील अवयवांत पेशींची दाटी जास्त असल्यामुळे प्युरिन सर्वाधिक असते, आणि हे पदार्थ पूर्ण बंद करावेत. सुक्या मासळीचे गणित असे आहे की, पाणी उडून गेल्यामुळे मूठभर सुकटीत बऱ्याच ताज्या जवळ्याचा ऐवज एकवटलेला असतो. वर मीठही भरपूर, त्यामुळे रक्तदाबाला ती आणखी बाधते. बाबांना सुकट महिन्यातून एकदा, तीही चटणीपुरती चिमूटभर, एवढी ठेवली आहे. तारली, मांदेली, बांगडा या मासळीत आणि कोळंबी, तिसऱ्या यांत प्युरिन बरेच असते. पापलेट किंवा सुरमईची एक मध्यम तुकडी आठवड्यातून एक-दोनदा खाण्यास बहुतेकांना अडचण येत नाही, आणि हृदयाच्या दृष्टीने मासळीचे महत्त्व आहेच. ज्या दिवशी मासळी त्या दिवशी मटण-चिकन नाही, असा साधा नियम घरात पाळता येतो.

कोंबडी आणि मटण यांत प्युरिन मध्यम ते जास्त असते. येथे नुसत्या प्रमाणाइतकीच शिजवण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. प्युरिन पाण्यात विरघळते, त्यामुळे मटण शिजताना त्यातील बराच अंश पाण्यात उतरतो. आपल्याकडे तो अळणी रस्सा आजाऱ्याला शक्ती यावी म्हणून वाटीभर पाजतात, आणि कोल्हापूरकडचा पांढरा रस्सा तर त्याच पाण्यावर उभा असतो. गाऊटच्या रुग्णाला या रश्श्यांतून आणि पाया सूपातून प्युरिनचा अर्कच मिळतो. म्हणून त्याच्यासाठी मटण आधी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यावे, मग मसाल्यात घालून शिजवावे, आणि ताटात दोन मध्यम फोडी आणि जास्तीचा कांदा-टोमॅटोचा मसाला वाढावा. उकळून पाणी टाकल्याने चव थोडी उतरते हे खरे आहे. आई आता त्यासाठी खोबरे-कांद्याचे वाटण जरा जास्त भाजून घेते.

अंडी निर्धास्त खावीत, त्यांत प्युरिन नगण्य असते. शाकाहारी नसलेल्या घरात प्रथिनांची भरपाई करण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे.

सातवी पायरी: डाळी आणि भाज्या ताटात परत आणा

या पायरीवर मी जास्त थांबणार आहे, कारण आपल्याकडच्या रुग्णांचे सर्वाधिक नुकसान येथे होते.

डाळी, उसळी, पालक, फ्लॉवर, मटार आणि अळिंबी यांत प्युरिन मध्यम प्रमाणात आहे ही गोष्ट खरी आहे आणि जुन्या आहारतक्त्यांमध्ये त्यामुळेच त्यांच्यावर फुली मारलेली असे. परंतु अन्नात प्युरिन आहे म्हणजे ते खाल्ल्याने गाऊट वाढतो, हे गृहीतच तपासून पाहण्याची गरज होती. अमेरिकेत ४७,१५० पुरुषांच्या आहाराचा १२ वर्षे पाठपुरावा करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, मांस आणि सागरी अन्न जास्त खाणाऱ्यांमध्ये गाऊटचा धोका वाढतो, दुग्धजन्य पदार्थ जास्त घेणाऱ्यांमध्ये तो कमी होतो, आणि प्युरिनयुक्त भाज्या व डाळी खाल्ल्याने तो वाढत नाही. पुढील काळातील आहारसल्ल्यांमध्ये वनस्पतिजन्य प्युरिनवरचा जुना कडक निर्बंध त्यामुळे सैल झाला.

बाबांच्या बाबतीत वरण बंद झाले तेव्हा ताटात भात, बटाट्याची भाजी, लोणचे आणि पापड उरले. प्रथिने घटली, चोथा घटला, रक्तातील साखर वाढू लागली, आणि जेवण नीरस झाल्यामुळे रात्री बिस्किटे आणि गोड सरबत वाढले. म्हणजे ज्या पथ्याने युरिक ॲसिड उतरायचे, त्याच पथ्याने ते चढण्याची सोय झाली. पुढे आहारतज्ज्ञांनी ती यादी वाचून बाजूला ठेवली आणि आईला विचारले, ‘‘ताई, घरात एरवी काय शिजतं ते सांगा.’’ त्या प्रश्नाने आमच्या स्वयंपाकघरातली भीती गेली. आता रोज एक वाटी तुरीचे किंवा मुगाचे वरण, आठवड्यातून तीनदा मटकी, चवळी किंवा मसुराची वाटीभर उसळ, आणि पालेभाजी असे जेवण होते. मूत्रपिंडाचा आजार असल्यामुळे ज्यांच्या प्रथिनांवर मर्यादा आहे, त्यांनी मात्र डाळीचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. एखाद्या विशिष्ट डाळीने आपल्याला त्रास होतो असे वहीत दोन-तीनदा स्पष्ट दिसले तर ती एक डाळ वगळावी, सगळ्या वगळू नयेत.

टोमॅटो आणि पालक यांच्यावरचा आरोप बहुधा मुतखड्याच्या पथ्यातून इकडे आला आहे. पालकात ऑक्झलेट जास्त असल्यामुळे ऑक्झलेटचे खडे होणाऱ्यांना तो कमी करायला सांगतात, पण गाऊटचे स्फटिक ऑक्झलेटचे नसतात. आंबट पदार्थांची भीती तर केवळ ‘ॲसिड’ या शब्दामुळे निर्माण झाली आहे. युरिक ॲसिड आणि जिभेला लागणारा आंबटपणा यांचा संबंध नाही. लिंबातील सायट्रेटमुळे लघवीची आम्लता उलट कमी होते, आणि ताकाचे गुण वर सांगितलेच आहेत. आमटीत आमसूल किंवा चिंच घालण्यास कसलीही हरकत नाही.

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, गहू यांपैकी कोणतेही धान्य गाऊटसाठी वर्ज्य नाही. वजन जास्त असेल तर भाताचे प्रमाण आवरून भाकरी घ्यावी, एवढेच.

आठवी पायरी: वजन आणि उपवास

वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने युरिक ॲसिडही उतरते, मात्र ते सावकाश उतरवावे. उपाशी राहिले की शरीर चरबी जाळू लागते, त्यातून तयार होणारे कीटोन मूत्रपिंडात युरिक ॲसिडच्या निचऱ्याला अडथळा करतात, आणि त्याच वेळी पाणीही कमी पडलेले असते. त्यामुळे कडक उपवासाच्या दुसऱ्या दिवशी अंगठा धरतो. महिन्याला दीड-दोन किलोपेक्षा जास्त घट करण्याचा अट्टहास धरू नये, आणि ‘पंधरा दिवसांत आठ किलो’ अशा योजनांच्या वाटेला गाऊटच्या रुग्णाने जाऊ नये.

एकादशी किंवा चतुर्थी ज्यांना मोडवत नाही त्यांनी पाणी, ताक, दूध आणि फळे घेऊन ती करावी. निर्जळी उपवास, म्हणजे हरतालिकेचा किंवा निर्जला एकादशीचा, वैद्यकीय कारणाने सोडला तर त्यात कमीपणा मानू नये. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांमधले युरिक ॲसिडपासूनचे नैसर्गिक संरक्षण कमी होते, म्हणून पन्नाशीपुढच्या स्त्रियांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. घोट्याचे किंवा गुडघ्याचे दुखणे ‘वयोमानाने’ म्हणून त्या अंगावर काढतात आणि गाऊट बराच काळ ओळखलाच जात नाही.

लग्नकार्य आणि प्रवास यांबद्दल इतकेच की, पंगतीत एखादा पदार्थ जास्त खाल्ला गेल्याने जेवढे बिघडते त्याहून अधिक दिवसभर पाणी न पिता उन्हात बसल्याने आणि मग रात्री मद्य घेतल्याने बिघडते. एसटीच्या प्रवासात स्वच्छतागृहाच्या गैरसोयीमुळे पाणी टाळले जाते, तेव्हा मुक्कामी पोहोचल्यावर लगेच भरपाई करावी.

नववी पायरी: गोळी, तपासणी आणि ताट यांचा मेळ

प्रयोगशाळेच्या रिपोर्टमध्ये पुरुषांसाठी साधारण ७ किंवा ७.२ पर्यंतचा आकडा सामान्य म्हणून छापलेला असतो आणि ६.९ आले की घरात आनंद होतो. गाऊट झालेल्या माणसाचे लक्ष्य मात्र ६ च्या खाली असते, आणि सांध्यांभोवती किंवा कानाच्या पाळीवर स्फटिकांच्या गाठी झाल्या असतील तर डॉक्टर ते ५ च्या खाली आणण्याचा प्रयत्न करतात. ६ च्या खाली पातळी टिकली की आधी साचलेले स्फटिक हळूहळू विरघळतात, आणि त्याला महिने किंवा वर्षेही लागतात.

वारंवार झटके येत असतील तर डॉक्टर ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट ही युरिक ॲसिड उतरवणारी गोळी सुरू करतात, आणि ॲलोप्युरिनॉल साधारण १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी डोसपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. सुरुवातीच्या काही महिन्यांत स्फटिक हलू लागल्यामुळे झटके वाढू शकतात, म्हणून ते रोखण्यासाठी सोबत तीन ते सहा महिने कोल्चिसिनसारखे औषध दिले जाते. ‘गोळीने उलटा त्रास झाला’ म्हणून बरेच जण नेमके याच टप्प्यावर गोळी सोडतात आणि पुन्हा पथ्यांच्या यादीकडे वळतात. मध्येच झटका आला तरी चालू असलेली ॲलोप्युरिनॉलची गोळी मनाने बंद करू नये. मात्र गोळी सुरू केल्यावर अंगावर पुरळ उठले, तोंडात फोड आले किंवा ताप आला, तर ती लगेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि कमी मात्रेतील ॲस्पिरिन यांनी युरिक ॲसिड वाढते. त्या परस्पर बंद करणे धोक्याचे आहे, पण गाऊटचे निदान झाल्याचे ती औषधे देणाऱ्या डॉक्टरांना सांगावे, कारण रक्तदाबाच्या काही औषधांना पर्याय असतात आणि लोसार्टन तर युरिक ॲसिड थोडे उतरवते.

पुढच्या भेटीला जाताना युरिक ॲसिडबरोबर मूत्रपिंडांचे काम कळण्यासाठी क्रिएटिनिनची तपासणीही करून घ्यावी आणि जवळ असलेले सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्यावेत. चालू असलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या, काढे आणि चूर्णेसुद्धा एका पिशवीत घालून सोबत ठेवावीत. दोन आठवड्यांची ती वही घेऊन जावी, आणि प्रत्येक झटक्यापुढे आदल्या दोन दिवसांत काय खाल्ले, किती पाणी प्यायले आणि उपवास, प्रवास किंवा मद्य झाले होते का, एवढे लिहून ठेवावे. बाबांच्या डॉक्टरांनी ती वही पाच मिनिटे वाचली, सुकट आणि सरबत या दोन शब्दांखाली पेनाने रेघ ओढली, आणि तुरीचे वरण त्याच दिवशी परत सुरू करायला सांगितले.